अपुऱ्या दिवसांचे बालक आणि गावाचे उत्तरदायित्व

म्हैसूरनजीकच्या येलवाल येथे सप्टेंबर १९५७ मध्ये विनोबांच्या उपस्थितीत ग्रामदान परिषद भरली होती. पंडित नेहरूंसह निरनिराळ्या पक्षांचे पुढारी तीत सहभागी झाले होते. भूमिहीनाचे दुःख हे त्या एका कुटुंबाचे नसून साऱ्या गावाचे होय, हा ग्रामदानाचा गाभा. हीच दृष्टी आज अपुऱ्या दिवसांच्या बालकांकडे वळविणे अगत्याचे आहे.

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बालक अपुऱ्या दिवसांचे समजले जाते. भारतात २०२० साली अशी सुमारे ३० लक्ष बालके जन्मास आली. त्यांपैकी पुष्कळांना आता वैद्यक वाचवू शकते. परंतु जगणे म्हणजे सर्वांगीण वाढ नव्हे. गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत मेंदूची वाढ झपाट्याने होते. ती ज्याला गर्भाशयाबाहेर पुरी करावी लागते, त्याच्या बोलण्यात, हालचालींत वा अवधानात पुढे उणीव राहण्याचा संभव अधिक असतो. प्रत्येकाच्या बाबतीत तसे घडतेच असे मात्र नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात उपचार घेतलेल्या, २,००० ग्रॅमहून कमी वजनाच्या अर्भकांचा मागोवा डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रौढ होईपर्यंत घेतला. अशा अभ्यासांतून दिसते ते हे की, जन्मवेळच्या वजनाइतकेच आईचे शिक्षण व घरची परिस्थितीही बालकाच्या बुद्धिविकासाशी निगडित असतात. म्हणजेच जन्माने राहिलेली उणीव परिसर काही अंशी भरून काढू शकतो, किंवा वाढवूही शकतो.

हा परिसर घडविण्याचे साधन गावाच्या हाती आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ २ ऑक्टोबर १९७५ रोजी झाला. म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर आणि महाराष्ट्रातील धारणी व धारावी ही तिची पहिल्या टप्प्यातील क्षेत्रे होत. अंगणवाडीत बालकाचे वजन होते, आहार मिळतो. पण ते कितव्या आठवड्यात जन्मले हे शिक्षिकेला ठाऊक असावयास हवे. ३२व्या आठवड्यात जन्मलेल्या बालकाचे पहिल्या दोन वर्षांतील वय सुमारे दोन महिने वजा करून मोजणे हे न्याय्य होय. पुढे तीन ते सहा वर्षांच्या वयात तेच मूल उशिरा बोलू लागले किंवा एका जागी बसेना, तर त्याला मठ्ठ वा हट्टी न ठरविता वेळीच तपासणीस पाठविता येईल.

कोणी म्हणेल, सेविकेच्या शिरावर नोंदवह्यांचा भार आधीच मोठा आहे. आक्षेप खरा आहे. परंतु हा केवळ एक आकडा आहे आणि बहुधा रुग्णालयाच्या कागदावर तो असतोच. या नोंदीने मुलावर शिक्का बसेल, ही भीतीही अनाठायी नाही. म्हणून ती चर्चेसाठी नसावी, काळजीपुरतीच असावी.

उरलेले कार्य गावाचे: धूररहित स्वयंपाकघर, स्वच्छ पाणी, खेळावयास मोकळे अंगण आणि मुलाशी बोलणारी वडीलधारी माणसे. यांपैकी एकही गोष्ट एकट्या मातेने करावयाची नव्हे. जो लवकर आला, त्याच्यासाठी गावाने थोडे थांबावे, एवढेच येथे मागणे आहे.