रिमोट आपल्या हाती, दर त्यांच्या हाती!

महिन्याचा पहिला आठवडा उजाडला की केबलवाला दारात उभा राहतो. त्याच सुमारास मोबाइलवर ‘आपला प्लॅन संपत आहे’ असा संदेश येऊन आदळतो. घरात चार माणसे, त्यांचे चार मोबाइल, एक टीव्ही आणि हातावरचे पोट! धुणीभांडी करणाऱ्या बाईला, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला, कंत्राटी सफाई कामगाराला आता हा खर्च टाळता येत नाही. परवडेल असा पर्याय निवडावा म्हटले तर पर्यायांचे असे जंगल समोर उभे करतात, की माणूस थकून दुकानदार सांगेल ते घेऊन मोकळा होतो. ही थकावट आपोआप येत नाही, तिच्यावरच हा धंदा चालतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

केबलचा इतिहास पाहा. ‘पाहाल तेवढ्याचेच पैसे द्या’ हे आश्वासन काही आजचे नाही. २००७ च्या सुरुवातीला मुंबईच्या काही भागांत ‘कॅस’ आले. तेव्हा नि:शुल्क वाहिन्यांसाठी महिना ७७ रुपये आणि प्रत्येक सशुल्क वाहिनीला ५ रुपये, असा साधा सरळ हिशेब होता. पुढे २०१२ च्या अखेरीस मुंबईत डिजिटल केबलची सक्ती झाली, सेट टॉप बॉक्स घरोघरी बसले. मग फेब्रुवारी २०१९ पासून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ‘ट्राय’ची नवी दररचना लागू झाली. शंभर वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये नेटवर्क शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे; सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. २०२० मध्ये याच १३० रुपयांत २०० वाहिन्या द्याव्यात असे ठरले. आणि जुलै २०२४ मध्ये? ट्रायने या शुल्कावरची मर्यादाच उठवली! आता शुल्क किती घ्यायचे ते कंपनी ठरवणार. ग्राहकाच्या हाती राहिले काय, तर रिमोट!

कागदावर आजही प्रत्येक वाहिनी सुटी घेण्याचा अधिकार आहे. पण सुट्या चार वाहिन्या घ्यायला जावे, तर त्यांची बेरीज वीस वाहिन्यांच्या गठ्ठ्याच्या आसपास जाते. मग घरातल्या आजीला एक मराठी मालिका पाहायची म्हणून ज्या वाहिन्या कधी लावल्याच जात नाहीत, त्यांचेही पैसे भरले जातात. कंपनी बदलावी तर जुना बॉक्स नव्या कंपनीकडे चालत नाही, तो अडगळीत जातो. कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीकडे चालला पाहिजे, अशी शिफारस ट्रायनेच एप्रिल २०२० मध्ये केली होती. ती अमलात आली असती तर ग्राहकाचा पाय मोकळा झाला असता.

इंटरनेटची तऱ्हा याहून वेगळी नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, तेव्हा डेटा फुकट वाटला गेला. लहान कंपन्या एकेक करून बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या, आणि खासगी कंपन्या उरल्या तीन. जुलै २०२४ मध्ये या तिघींनीही पाठोपाठ दर वाढवले. कामगाराला पगार वर्षातून १२ वेळा मिळतो, रिचार्ज मात्र १३ वेळा करावा लागतो, कारण कंपनीचा महिना २८ दिवसांचा! ३० दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवा, असा आदेश ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये दिला. प्लॅन आले, पण दुकानात पुढे केला जातो तो २८ दिवसांचाच. वर्षभराचे पैसे एकदम भरणाऱ्याला दर दिवसाचा खर्च कमी पडतो. ज्याच्याकडे तेवढी रक्कम एकरकमी नाही, तो थोडे थोडे घेतो आणि जास्त मोजतो. तेल, मीठ, साखर सुटी घेणाऱ्या गरिबाचा हा जुनाच अनुभव आहे.

घरी वायफाय घ्यावे तर जाहिरातीत मोठ्या अक्षरात ३९९ रुपये, आणि जीएसटी धरून हिशेब ४७१ वर. त्यावर सहा महिन्यांचे आगाऊ मागतात. एवढी तयारी केली तरी वस्तीचा पत्ता ऐकताच ‘तुमच्या भागात लाइन नाही’ हे उत्तर ठरलेले. रस्त्यापलीकडच्या टॉवरमध्ये चार कंपन्यांच्या तारा येतात आणि अलीकडच्या चाळीत एकही येत नाही, हा तांत्रिक प्रश्न आहे काय?

कुणी म्हणेल, टीव्ही आणि इंटरनेट ही चैन आहे. ज्यांच्या घरात दोन्ही आहे त्यांनी हे सांगू नये. आमच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरली, तेव्हा एका फोनवर तीन भावंडे शिकत होती आणि ज्यांच्याकडे रिचार्जला पैसे नव्हते, ती वर्गाबाहेर होती. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले. हक्क मान्य झाला, पण रिचार्ज संपला की तो हक्कही संपतो काय?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. जाहिरातीत कराससकट एकच दर छापा. नेटवर्क शुल्काची मर्यादा पुन्हा घाला. बॉक्स सर्व कंपन्यांकडे चालेल असा करा. आणि बीएसएनएल मजबूत करा. जुलै २०२४ च्या दरवाढीत ती सामील झाली नाही, तेव्हा त्याच महिन्यात तिचे ग्राहक वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. सरकारी कंपनी बाजारात उभी असली तरच खासगी कंपनी वठणीवर राहते, हा त्याचा धडा आहे.

पण मागणी करून हातावर हात ठेवून बसणे आपल्याला परवडणारे नाही. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ला मासिक भाडे नाही, छत्री आणि बॉक्स यांचा खर्च एकदाच. ज्या वृद्धांना फक्त बोलायचे आहे, त्यांच्यासाठी डेटा नसलेले प्लॅन ठेवणे कंपन्यांना ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या निर्णयाने बंधनकारक आहे. दुकानदाराकडे तो नाव घेऊन मागा. फसवणूक झाली तर ग्राहक आयोगात जाता येते. दूरसंचार कंपन्यांविरुद्धही ते दार खुले आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. आणि पीएम-वाणी योजनेत साधे किराणा दुकान किंवा वाचनालयसुद्धा परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय चालवू शकते. कंपन्यांनी अशा केंद्रांकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेऊ नये, असे ट्रायने जून २०२५ मध्ये बजावले आहे.

प्रत्येक वस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे, वाचनालय आहे. मंडळाने वर्गणी काढून तिथे एक जोडणी घ्यावी आणि पहिला हक्क अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना द्यावा. एकट्या ग्राहकाला कंपनी मोजत नाही. पन्नास घरे एकत्र येऊन दर विचारू लागली की तिला मोजावेच लागते!