पोराचा नंबर लागेल काय ?

हुशार मूल बारावीच्या उंबरठ्यावर आलें कीं शेतकऱ्याच्या व कारागिराच्या घरांत एकच प्रश्न उठतो : ‘आयआयटींत आपल्या पोराचा नंबर लागेल काय ?’ या प्रश्नाचें उत्तर देणारे दोन तऱ्हेचे लोक गांवोगांव भेटतात. एक म्हणतो, ‘तें आपलें काम नव्हे.’ दुसरा क्लासवाला. तो म्हणतो, ‘फी भरा, नंबर ठेवलेलाच आहे.’ पहिला पोराची उमेद मारतो, दुसरा बापास जमीन गहाण टाकावयास लावतो. दोघांनींही पोराचा एक पेपर तपासलेला नसतो. आमचें म्हणणें असें कीं, हा हिशेब तोंडानें करावयाचा नसून आंकड्यांनीं करावयाचा आहे, आणि तो आपल्या घरींच करतां येतो.

प्रथम साऱ्या देशाचा आंकडा पाहूं. २०२४ सालीं जेईई-ॲडव्हान्स्ड ही अखेरची परीक्षा १,८०,२०० विद्यार्थ्यांनीं दिली. ४८,२४८ उत्तीर्ण झाले. तेवीस आयआयटींत मिळून जागा १७,७४० होत्या. म्हणजे परीक्षेस बसलेल्या सुमारें दहांत एकाला जागा. आंकडा खरा आहे. परंतु तो आपल्या पोराचा नव्हे. तालुक्याच्या पावसाची सरासरी पाहून कोणी पेरणी करीत नाहीं. जो तो आपल्या वावरांतली ओल पाहतो. तीच रीत येथें लावावी.

जेईई-मेन ही पहिली परीक्षा. तिचा निकाल पर्सेंटाइलमध्यें येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे शेंकडा ९० गुण नव्हेत. समजा दहा लक्ष मुलें बसलीं, तर सुमारें एक लक्ष मुलें आपल्या पोराच्या पुढें आहेत, एवढाच त्याचा अर्थ. यावर पेढे वांटूं नयेत व रडूंही नये.

खरा हिशेब क्रमांकाचा. जागावाटप करणारी ‘जोसा’ दर सालीं प्रत्येक संस्थेची, प्रत्येक शाखेची, प्रत्येक वर्गाची शेवटची जागा कितव्या क्रमांकास गेली त्याचा तक्ता प्रसिद्ध करते. तीन सालांचे तक्ते शेजारीं मांडावे. मुलाकडून मागील सालांचे पेपर घड्याळ लावून सोडवून घ्यावे, व मिळालेल्या गुणांवरून क्रमांकाचा अदमास बांधावा. येथें आमचे लोक हटकून फसतात. ओबीसीच्या रकान्यांतला क्रमांक हा ओबीसींच्या यादींतला असतो, सबंध देशाच्या यादींतला नव्हे. देशांतला क्रमांक त्या रकान्याशीं ताडून बाप निराश होतो, आणि मिळणारी जागा घरबसल्या सोडतो. मुलींसाठीं तर २०१८ सालापासून जादा जागा निर्माण केल्या असून त्यांचा रकाना वेगळा आहे. ‘पोरीच्या जातीला कशाला’ असें म्हणण्यापूर्वीं तो एकदां वाचावा.

मुलाची तयारी पुरी असूनही कागदावांचून जागा जाते. आयआयटी केंद्र सरकारच्या. तेथें ओबीसींस शेंकडा २७ जागा आहेत, पण दाखला केंद्राच्या नमुन्यांतला, नॉन-क्रीमी लेयरचा, व त्याच सालच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. राज्यानें २०२४ सालीं मराठा समाजास दिलेलें आरक्षण तेथें लागू नाहीं. हें जून महिन्यांत कळून उपयोग काय ? परीक्षाही लागोपाठच्या दोन सालांत दोनदांच देतां येते. शिवाय जेईई-मेन मराठींतून देतां येते, परंतु ॲडव्हान्स्डचा पेपर इंग्रजी व हिंदींतच निघतो. यास्तव शास्त्राचे इंग्रजी शब्द मुलाच्या कानांवर आठवीपासूनच पडले पाहिजेत.

फीचें भय पुष्कळांना असतें. वार्षिक उत्पन्न एक लक्षाच्या आंत असल्यास शिकवणीची फी सबंध माफ आहे, पांच लक्षांपर्यंत दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांस ती पडतच नाहीं. राहण्याजेवणाचा खर्च मात्र हिशेबांत धरावा.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं सांगितलें होतें कीं, महसूल रयतेच्या घामाचा, आणि त्यावर चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना. आजही खताच्या पोत्यावर आपण कर भरतों, व त्याच तिजोरींतून या संस्था चालतात. तेव्हां तेथें अर्ज करणें ही भीक नव्हे. हिशेब करून क्रमांक दूर दिसला, तर नागपूरच्या व्हीएनआयटींत निम्म्या जागा महाराष्ट्रासाठीं आहेत, तिकडे पाहावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. परंतु गांवच्या पारावर कोणी मान हलवली एवढ्यावरून अर्जच न भरणें, हें आमच्या घरांनीं आतां बंद केलें पाहिजे. बंधुभगिनींनो, येत्या रविवारीं पोरापोरींना जवळ बसवा, तक्ता पुढें घ्या, आणि दाखल्याची तारीख आधीं पाहा.