घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे!

"डॉक्टर, यांचं घोरणं शेजारच्या घरात ऐकू जातं," असे पत्नी सांगते आणि नवरा हसतो. पूर्वी मीही हसायचो. आता हसत नाही, कारण तिचे पुढचे वाक्य असते, "मध्येच आवाज बंद होतो, मग दचकून श्वास घेतात. मी जागीच राहते." ही तक्रार हसण्यावारी नेणारे पुरुष चुकतात आणि ती केसपेपरवर न लिहिणारे आम्ही डॉक्टरही चुकतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मानेभोवती चरबी असेल तर श्वासाची वाट आणखी अरुंद होते आणि घोरणे सुरू होते. वाट पूर्ण मिटली की श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. श्वास असा अडण्याचे प्रमाण तासाला 30 वेळा किंवा जास्त असेल तर आजार तीव्र. म्हणजे दर दोन मिनिटांनी गळा आवळला जातो! दर वेळी ऑक्सिजन घटतो, रक्तदाब उसळतो. सकाळी तुम्हाला काही आठवत नाही, पण हृदयाने रात्रपाळी केलेली असते.

तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही, सकाळी डोके जड असते, रात्री वारंवार लघवीला उठावे लागते, शुगर वाढते, लैंगिक इच्छा कमी होते. यामागे झोपेतला हा अडथळा असू शकतो. पण पुरुष गुपचूप 'ताकदीचे' चूर्ण घेतात आणि डॉक्टर चौथी गोळी लिहितात. झोपेबद्दल विचारतो कोण?

15 फेब्रुवारी 2022 रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून याच आजाराचे नाव घेतले. चार दिवस चर्चा झाली, मग सगळे विसरले.

आपल्या नगर जिल्ह्यात तर हा प्रश्न रस्त्यावरचाही आहे. गाळप हंगामात रात्री-अपरात्री उसाचे ट्रॅक्टर धावतात, नगर-मनमाड रस्त्यावर ट्रक थांबत नाहीत. स्टिअरिंगवर पेंगणाऱ्याला चहा पाजून हा आजार जात नाही.

मग करायचे काय?

वजन 10 टक्के उतरवा. 90 किलोचे 81 झाले तरी श्वास अडण्याचे प्रमाण साधारण पाव हिश्शाने घटते. "झोप लागावी म्हणून दोन पेग" हा सर्वांत घातक समज आहे, कारण दारूने घसा आणखी सैल पडतो. मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नका. बिडी-सिगारेट सोडा. ढाब्यावरचे रात्री अकराचे जेवण आठ वाजता घरी आणा. उताणे न झोपता कुशीवर झोपा. बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू ठेवला की आपोआप कूस बदलते.

पण "रोज चालतो, होईल बरे" म्हणून तपासणी टाळू नका. स्लीप स्टडी करून घ्या. आजार तीव्र निघाला तर सीपॅप मशीन लागते. मास्क लावून झोपण्यात लाज कसली? चष्मा लावताना वाटते का? आणि बीपीच्या गोळ्या परस्पर बंद करू नका.

आज रात्री पत्नीला तुमचे घोरणे मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. सकाळी ऐका. हसू आले नाही, तर डॉक्टरांकडे या.