टेपचं एक टोक आपल्या हाती

‘वहिनी, दोन्हीकडून फूट-फूटच तर कमी आहे. एवढ्यानं काय होतंय?’ प्लॉट दाखवणारा एजंट हसत म्हणाला. आमचे हेही ‘जाऊ दे गं’ म्हणाले. कागदावर ३० बाय ४० फूट, जागेवर भरलं २९ बाय ३९. मीही मान डोलावणार होते. पण त्या पैशांत माझ्या चार बांगड्या होत्या. पर्समधल्या वहीत गुणाकार मांडला.

३० गुणिले ४० म्हणजे १२०० चौरस फूट. २९ गुणिले ३९ म्हणजे ११३१. गेले की हो ६९ चौरस फूट! सात बाय दहाचं स्वयंपाकघरच म्हणा ना. दर पंधराशेचा, म्हणजे १ लाख ३ हजार ५०० रुपये. वही पुढे केली, तेव्हा एजंटचं हसू मावळलं. पैसे भरल्या जागेचेच दिले.

मैत्रिणींनो, मापं फुटात घेतात, पण पैसे मोजतो चौरस फुटाचे. खरी गोम इथंच आहे. आपल्याला हे कळत नाही असं थोडंच आहे? पन्हा कमी असला की ब्लाउजला कापड जास्त लागतं, हे आपण दुकानदाराला ऐकवतोच ना? मग जमिनीच्या वेळीच गप्प का बसायचं?

माझ्या एका मैत्रिणीच्या माहेरी वाटणी झाली. भावाला ३० बाय ४०, हिला २० बाय ५०. ‘दोघांच्या कुंपणाला तार १४० फूटच लागते, म्हणजे वाटा सारखाच,’ असं तिला सांगितलं. तिलाही ते पटलं. पण तिची जागा भरते १००० चौरस फूट, तब्बल २०० नं कमी! तार सारखी लागली म्हणून जागा सारखी होत नाही. पट्टी जितकी चिंचोळी, तितकं क्षेत्रफळ कमी. २००५च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण तो ‘इतकाच’ मोजून घ्यायला नको का?

आणखी एक. चारही बाजू बरोबर भरल्या, तरी समोरासमोरचे कोपरे तिरके मोजून बघा. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. ३० बाय ४० ला ती बरोबर ५० फूट येतात. कमी-जास्त आली तर प्लॉट कलता आहे आणि जागा कमी भरते, हे समजून घ्या.

‘व्यवहार पुरुषांनी बघावेत’ हे मला पटत नाही. भांडू नका, आवाजही चढवू नका. फक्त टेपचं एक टोक आपल्या हाती घ्या आणि गुणाकार स्वतः करा. सही त्यानंतर!