स्ट्रायकरला बोल लावण्याआधी

‘ज्याच्या पायात गोल आहे तो कुठेही उभा केला तरी गोल मारतोच, रचनाबिचना ही प्रशिक्षकांची पोपटपंची’ असं छातीठोक सांगणारे जागोजागी भेटतात. त्यांचा हुकमी दाखला म्हणजे एफसी गोवाचा कोरो, फेरान कोरोमिनास. २०१७-१८ च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) १८ गोल, पुढच्या मोसमात १६. पण हा दाखला त्यांच्याच अंगावर उलटतो.

त्याच गोव्यात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांनी मंदार राव देसाई या विंगरला मागे ओढून लेफ्टबॅक केलं. वरवर पाहता आघाडीचा एक माणूस कमी झाला. प्रत्यक्षात मंदार मागून धावत कडेने वर चढायचा आणि पुढचा विंगर आत सरकायचा. प्रतिस्पर्ध्याच्या राइटबॅकने कडेला जावं की आत थांबावं? तो कुठेही गेला तरी एक वाट मोकळी. कोरोला मिळणारी जागा अशी तयार व्हायची. पुढे लोबेरांनी मंदारला मुंबई सिटीत नेलं आणि २०२०-२१ मध्ये आयएसएलची साखळी शील्ड व चषक दोन्ही जिंकले, हे उगाच नव्हे.

मुंबई सिटीच्या विंगर छांगटेचंही तेच. तिथे प्रशिक्षक देस बकिंगहॅम यांनी या डावखुऱ्याला उजव्या कडेला खेळवलं, म्हणजे आत वळला की गोल थेट डाव्या पायासमोर. २०२२-२३ मध्ये त्याचे १० गोल झाले आणि संघाचे साखळीच्या २० सामन्यांत ५४.

‘पैसेवाला क्लब, त्याला काय अवघड?’ पैशाने खेळाडू येतात, मान्य. पण आमच्या हिंगोली-वसमतकडच्या शाळेच्या मैदानावर पैशाचा प्रश्नच नसतो. तिथे सगळ्यात वेगवान पोरगं पुढे, बाकीचे मागे, आणि चेंडू आला की त्याच्याकडे टोलवायचा. तो मिळतो तेव्हा पोराची पाठ गोलकडे, अंगावर दोघेजण आणि जवळचा साथीदार तीस पावलांवर. मग बाहेरून ओरडा: ‘अरे, मार की!’ मारणार कुठे? एक जण दहा पावलांवर आणून ठेवा, त्याच पोराचा खेळ बदलतो.

मात्र आकड्यांचे भक्तही तितकेच चुकतात. फळ्यावर ४-३-३ लिहिलं म्हणजे आक्रमण होत नाही. मधली फळी आपल्याच पेनल्टी क्षेत्रापाशी दबून राहिली, तर पुढचे तिघं नुसते प्रेक्षक. खरा प्रश्न फळ्यांमधल्या अंतराचा आहे.

ऑक्टोबर २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक आठवा. भारताच्या आघाडीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिका, कोलंबिया, घाना यांच्यापुढे बहुतेक वेळ बचावातच गेला. तीन सामन्यांत आघाडीवीरांच्या नावावर एकही गोल नाही. भारताचा एकमेव गोल केला मधल्या फळीतल्या जिक्सन सिंगने, कोलंबियाविरुद्ध, कॉर्नरवर हेडर मारून. म्हणजे खेळ थांबलेला असताना, जेव्हा मागच्यांनाही पुढे यायची मुभा असते.