लेक्चर बाईंचं, व्हिडिओ कुणाचा?

मार्च 2020 मध्ये कॉलेजं बंद झाली आणि अमरावती-अकोल्यातल्या कितीतरी घरांत बैठकीचा वर्ग झाला. आपल्या लेकीसुनांनी मोबाइल टेकवून ठेवून लेक्चर रेकॉर्ड केली. त्यातल्या पुष्कळजणी तासिका तत्त्वावरच्या. सत्र संपलं की नेमणूक संपते, व्हिडिओ मात्र कॉलेजकडेच राहतो. 'पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही, पण मुलांना माझाच व्हिडिओ दाखवतात. चालतं का हे?' असं अकोल्याच्या एका वाचक भगिनीने आम्हाला विचारलं आहे.

1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 म्हणतं की, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याची. कायम प्राध्यापकांपुढे संस्था हेच कलम ठेवू शकते. तासिकेवरची नेमणूक या अर्थाने नोकरी ठरते का, यावर भांडायला जागा आहे, असं आम्हाला वाटतं.

पण याच कायद्यात दुसरा हक्क आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. कला सादर करणाऱ्यांच्या यादीत नट, गायक, जादूगार, गारुडी आणि त्यांच्याच पंगतीत व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. गारुड्याशेजारी बसवलं म्हणून प्राध्यापकांनी रुसू नये. या यादीमुळेच त्यांना 50 वर्षं टिकणारा हक्क मिळतो. चित्रीकरणाला एकदा लेखी संमती दिली, की करारात वेगळं काही नसेल तर पुढे हरकत घेता येत नाही. व्यापारी वापर झाला तर मोबदला मागता येतो. म्हणजे सगळं त्या सही केलेल्या कागदावर आलं.

कॅनडात माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात 2021 च्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याने शंका विचारण्यासाठी आपल्या सरांचा शोध घेतला. ते फ्रान्स्वा-मार्क गान्याँ, कलेच्या इतिहासाचे नामवंत अभ्यासक. 2019 मध्येच ते वारले होते, वर्ग मात्र त्यांच्या व्हिडिओवर चालू होता.

आपल्याकडे जुने उस्ताद किताब समोर वाचून घेत आणि मगच ती पुढे शिकवायची इजाजत देत. कुणाकडून शिकलो, ते नाव सनदेत राहत असे. इल्म लपवायचा नाही हे खरंच, पण उस्तादांना विचारल्याशिवाय त्यांच्या नावाने तो पुढे दिला जात नसे.

आणि चेहऱ्याचं काय? वर्गातल्या साठ मुलांसमोर शिकवणं वेगळं आणि तोच व्हिडिओ कुणाच्याही मोबाइलवर फिरणं वेगळं. ही काळजी घरात अम्मी-अब्बांनाच नाही, त्या मुलीलाही असते. तिला हवं तर फक्त पाटी नि आवाज रेकॉर्ड करू द्यावा, हे कॉलेजशी आधीच बोलून घ्यावं.

त्या भगिनीला आम्ही सांगितलं आहे, की नेमणुकीचं पत्र आणि सही केलेला प्रत्येक कागद आधी शोधा. संमती कुठेच लिहून दिली नसेल, तर प्राचार्यांना अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढच्या नेमणुकीच्या वेळी तीन गोष्टी लिहून मागा: व्हिडिओ किती वर्षं वापरणार, कुणाला दाखवणार आणि नेमणूक संपल्यावर त्याचं काय करणार.