‘कानून’शी माझे भांडण

बी. आर. चोप्रांच्या १९६०च्या ‘कानून’शी माझे जुने भांडण आहे. ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा तोंडात असताना फाशीचा विषय काढतो याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण रहस्यपट दाखवतो म्हणून बोलवायचे आणि व्याख्यान ऐकवायचे, याचा जाब कधी तरी विचारायलाच हवा.

एकही गाणे नसलेला हिंदी चित्रपट काढणे हे त्या काळी मोठे धाडस होते. आणि प्रसंग तरी कसा! सावकाराच्या घरी आडोशाला उभ्या असलेल्या तरुण वकिलाच्या डोळ्यांदेखत खून होतो. सुरा चालवणारा हात भावी सासऱ्याचा, आणि सासरेबुवा न्यायाधीश! मागाहून शिरलेला एक भुरटा चोर पोलिसांना आयता सापडतो. आता राजेंद्रकुमारने तोंड उघडावे की मिटावे? आपण श्वास रोखून बसतो.

नेमका तिथेच दिग्दर्शकाचा धीर सुटतो. साक्षी खोट्या ठरतात, फासावर गेलेला माणूस परत आणता येत नाही, हे आपल्याला कळले नसेल या धास्तीने पात्रे भाषणे करू लागतात. नाना पळशीकरांचा तो भेदरलेला चोर पाहिल्यावर वेगळे काय सांगायचे उरते? त्या कामाला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले ते उगीच नव्हे. मुलाला गणित सुटत आलेले असताना फळ्यावर उत्तर लिहून टाकणारे मास्तर असतात. (मीही त्यांतलाच, म्हणून खोड ओळखतो.)

आता शेवट सांगतो. ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा. खुनी निघतो तो न्यायाधीशांसारखा हुबेहूब दिसणारा दुसराच इसम! अशोककुमार दोन, आणि न्यायासन स्वच्छ. इथे व्याख्यानाचाही घात होतो. साक्षीदार फसतो तो अंधुक उजेडाने, भीतीने, घाईने. असा जुळा चेहरा किती जणांना भेटतो? शिवाय न्यायाधीशच खुनी असता तर? हा निखारा चोप्रा हातात घेतात आणि चटका बसण्याआधीच टाकून देतात.

फाशी नको, हे मलाही पटते. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ती अत्यंत विरळ प्रकरणांपुरती राखली, तरी कायद्यात ती आजही आहे. म्हणूनच तिच्याविरुद्धचा दावा इतका कच्चा मांडल्याचा राग येतो.

गेल्या दिवाळीत घरी हा चित्रपट लावला होता. संपल्यावर पुतण्याने विचारले, “काका, तो दुसरा माणूस सापडलाच नसता तर?” मी घसा खाकरून भाषणाची तयारी केली, पण तेवढ्यात फराळाची ताटे आली.